भावनांची खोगीरभरती

एका वाचकाचं पाच पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असा सगळा मजकूर गाळून त्याचा हा सारांश:

'वय ३६. नोकरी आहे, संसार आहे, तब्येत ठणठणीत. तरी दिवस मावळेपर्यंत मी पार पिळून निघतो, कारण मला भावना फार आहेत. जाहिरातीत एखादा म्हातारा नातवाचा हात धरतो आणि इकडे मला हुंदका येतो. मीटिंगमध्ये साहेब "काम छान झालं" म्हणाले तर डोळे भरतात, "वाईट झालं" म्हणाले तरी भरतात, त्यामुळे नक्की काय झालं ते कुणाला कळत नाही. मित्राने "ठीक." असं उत्तर पाठवलं तर त्या ठीकपुढचा पूर्णविराम मला रात्री दोनपर्यंत पुरतो. धाकट्या बहिणीला बढती मिळाली तेव्हा आनंद, अभिमान, हेवा, हेवा वाटल्याची लाज आणि "आपलं काय होणार" ही धास्ती असं सगळं एका दमात आलं. "अभिनंदन" एवढा एक शब्द पाठवायला ४० मिनिटं लागली.

उपाय दोन करून पाहिले. एक आठवडा चेहरा लाकडासारखा ठेवला, तर बायकोने विचारलं, दाढ दुखतेय का. मग कुणीतरी म्हणालं, साठवू नकोस, मोकळा हो. म्हणून उशीला ठोसे मारले. उशी फाटली, राग वाढला आणि वर उशीबद्दल वाईट वाटलं. शेवटी एका दिवसाच्या भावना वहीत टिपून ठेवल्या. ४३ भरल्या. यादी सोबत जोडली आहे. बायको प्रेमाने म्हणते, तू म्हणजे उघडा नळ आहेस. हा नळ बंद कसा करू? निदान निम्म्या भावना तरी कमी कशा होतील?'

सही आहे, 'सदागहिवर'.

प्रिय सदागहिवर,

यादी दोनदा वाचली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या प्राचीन ग्रंथात ८ स्थायी (म्हणजे टिकून राहणारे) भाव, ३३ व्यभिचारी (म्हणजे येऊन-जाऊन असणारे) भाव आणि ८ सात्त्विक (म्हणजे शरीरावर उमटणारे) भाव असे एकूण ४९ भाव सांगितले आहेत. ते अख्ख्या रंगभूमीला पुरावेत म्हणून. तुम्ही एकट्याने, एका दिवसात आणि तेही कामाच्या दिवशी ४३ गाठलेत. दमायला होणारच. पण हा ४३ चा आकडा मला मान्य नाही. नोंदी वेळेसकट लिहिल्यात हे फार बरं केलंत, त्यामुळे हिशेब तपासता आला. भरती मोठी आहे, पण बरीचशी खोगीरभरती आहे.

पहिल्या ९ नोंदी भावनांच्या नाहीतच. सकाळी ११:५० ला तुम्ही लिहिलंय, 'सगळ्या जगाचा तिटकारा'. दुपारी १:२० ला लिहिलंय, 'जग तसं बरं आहे'. मधल्या दीड तासात जगात काही सुधारणा झाली नव्हती, तुम्ही जेवलात. मध्यरात्रीनंतरच्या चार नोंदींत तुम्ही नोकरी, मैत्री, आयुष्य आणि केसांची ठेवण या सगळ्यांविषयी निराश आहात. हा अपुऱ्या झोपेचा ठरलेला क्रम आहे. २००७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात साधारण ३५ तास जागं ठेवलेल्या निरोगी माणसांना अप्रिय चित्रं दाखवली, तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची प्रतिक्रिया झोप झालेल्यांच्या तुलनेत सुमारे ६० टक्के जास्त होती. भरतालाही याचा अंदाज असावा. त्याच्या ३३ व्यभिचारी भावांत निद्रा, आलस्य, श्रम आणि व्याधी यांची रीतसर गणना आहे. तेव्हा यापुढे कुठलीही नोंद करण्याआधी चार गोष्टी पाहा: शेवटचं जेवण कधी, काल झोप किती, आत्ता अंगात दुखणं किंवा दमणूक आहे का, आणि कॅफीन किती झालं. कॅफीनने छाती धडधडते आणि धडधडत्या छातीला मन लगेच कारण शोधून देतं. चारांपैकी एकाचंही उत्तर गडबडीचं असेल तर आधी ते निस्तरा आणि तासाभराने पुन्हा विचारा. बऱ्याच तात्त्विक प्रश्नांची उत्तरं या तासाभरात मिळून जातात.

पुढच्या ७ नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत. चार वाजताच्या मीटिंगची धाकधूक 'अस्वस्थता', 'भीती', 'उदास', 'कसंतरीच', 'पोटात गोळा', 'काही सुचेना' आणि 'आज नकोच' अशा सात नावांनी हजेरी लावून गेली आहे. एकच माणूस सात वेळा रांगेत उभा राहिला म्हणून गर्दी वाढत नाही.

५ नोंदी तुमच्या नव्हेतच. साहेबांच्या कपाळावरची आठी, लिफ्टमधल्या अनोळखी बाईंचा उसासा, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं गप्प बसणं, बायकोने कपाट जरा जोरात लावणं आणि मित्राचा तो सुप्रसिद्ध पूर्णविराम. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते तुम्ही आपल्या खात्यात जमा करून टाकलंत.

सगळ्यांत मोठा गठ्ठा १४ नोंदींचा आहे आणि खरा घोळ तिथेच आहे. या भावनांवरच्या भावना आहेत. राग आल्याचा राग, रडल्याची लाज, लाज वाटली याचा वैताग, वैतागल्याबद्दल अपराधीपणा. बहिणीच्या बढतीच्या वेळी हेवा आला तो तळमजला. त्यावर 'सख्ख्या बहिणीचा हेवा करणारा मी कसला भाऊ' ही लाज पहिला मजला. तळमजला आपोआप उभा राहतो, त्याला कुणाचा इलाज नाही. वरचे मजले मात्र आपण बांधतो आणि बहुतेक बिनपरवाना.

उरल्या ८. नाट्यशास्त्रातले स्थायी भावही आठच आहेत: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय. शांत हा नववा रस पुढच्या परंपरेत मानला गेला. तुमच्याकडे तो अजून पोचलेला नाही, एवढाच फरक.

म्हणजे निम्म्या भावना कमी करायच्या होत्या, त्या ४३ च्या ८ झाल्या. इथेच पत्र संपवता आलं असतं. पण तुमच्या प्रश्नामागे दोन समजुती दडलेल्या आहेत. त्या तशाच राहिल्या तर पुढच्या आठवड्यात ५३ ची यादी येईल.

पहिली समजूत अशी की भावना कमी असत्या तर जगणं सोपं झालं असतं. अंतोनिओ दमासिओ या मेंदूतज्ज्ञाने कपाळामागच्या एका विशिष्ट भागाला इजा झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांची बुद्धी शाबूत होती, भावना मात्र बोथट झाल्या होत्या. तुमच्या हिशेबाने ही माणसं सुखात असायला हवीत. प्रत्यक्षात त्यांना रोजचे साधे निर्णयही घेता येईनात. अशा एका रुग्णापुढे पुढच्या भेटीसाठी दोन तारखा ठेवल्या, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे-तोटे मांडत बसला. एक तारीख 'बरी वाटली' म्हणून निवडावी, तर त्याला काही वाटतच नव्हतं. 'अभिनंदन' पाठवायला तुम्हाला ४० मिनिटं लागली कारण भावना फार, आणि त्याला अर्धा तास लागला कारण भावना नाहीत. नळ बंद करून तुमची बचत होईल ती दहा मिनिटांची.

दुसरी समजूत अशी की भावनेचं करण्यासारखं दोनच प्रकारचं असतं: दाबायची नाहीतर ओकायची. तुम्ही दोन्ही करून पाहिलंत आणि दोन्ही फसलं. यात तुमचा दोष नाही, प्रयोगशाळेतही ते असंच फसतं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९० च्या दशकात लोकांना त्रासदायक चित्रफिती दाखवल्या आणि काहींना बजावलं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. चेहरे कोरे राहिले. आतली भावना होती तेवढीच राहिली आणि शरीरातल्या ताणाच्या काही खुणा उलट वाढल्या. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की जो चेहरा सांभाळत बसतो त्याला समोर काय बोललं गेलं ते नीट आठवत नाही. लाकडी चेहऱ्याच्या त्या आठवड्यात मीटिंगमध्ये काय ठरलं ते तुम्हाला सांगता येणार नाही, यावर पैज लावायला हरकत नाही.

विचार दाबण्याचंही तेच. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल येत राहिलं. नंतर 'आता करा विचार' म्हटल्यावर तर ते पहिल्यापासून मोकळीक दिलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आलं.

आणि उशी. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन यांनी मुद्दाम चिडवलेल्या लोकांचे गट केले. एका गटाने चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारले, दुसऱ्याने व्यायाम म्हणून मारले, तिसरा नुसता बसून राहिला. सर्वांत जास्त राग पहिल्या गटाला आला आणि सर्वांत कमी नुसत्या बसलेल्यांना. ठोसे मारताना आपण राग बाहेर टाकत नसतो, त्याचा सराव करत असतो. उशी नाहक गेली.

मग तिसरं काय करायचं? नाव द्यायचं, आणि ते नेमकं द्यायचं. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी रागीट किंवा भेदरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं पाहणाऱ्यांना त्या भावनेला शब्द द्यायला सांगितलं, तेव्हा अमिग्डालाची खळबळ कमी झाली. या कामी मराठी माणसाला तक्रार करायला जागा नाही, आपल्याकडे शब्दांचं भांडार आहे. तरी तुमच्या यादीत 'वाईट वाटलं' सहा वेळा आलंय. 'वाईट वाटलं' म्हणजे डॉक्टरांना 'दुखतंय' एवढंच सांगण्यासारखं. कुठे, किती, कसं?

हिरमोड म्हणजे धरलेली अपेक्षा मोडली. रुखरुख म्हणजे काहीतरी करायचं राहून गेलं आणि ते अजून टोचतंय. हळहळ बहुधा दुसऱ्याच्या नुकसानीची किंवा जे परत येणार नाही त्याची. धाकधूक पुढच्या निकालाची. हुरहुर लागते तेव्हा कशाची ते धड सांगताही येत नाही. घालमेल म्हणजे दोन्हीकडून ओढ. वैताग एकाच गोष्टीच्या पुन्हापुन्हा होण्याने येतो. त्रागा हा रागाचा मोठा मजेशीर भाऊ: राग दुसऱ्यावर, शिक्षा स्वतःला. 'राहू दे, मी जेवतच नाही' हा त्रागा.

हा भाषेचा शौक नाही, कारण प्रत्येक नावाबरोबर त्याची मागणी कळते. रुखरुखीला एक छोटं काम हवं असतं: राहिलेला फोन करा, माफी मागा, ती शमते. धाकधुकीला तयारी हवी असते, आणि तयारी झाल्यावर हातांना दुसरं काहीतरी काम. हळहळीवर काम निघत नाही, तिला थोडा वेळ द्यायचा. हिरमोड झाला तर अपेक्षा मुळात समोरच्याला सांगितली होती का, ते आधी तपासायचं. वैतागाला विश्रांती किंवा पाळी बदलणं. हुरहुरीला चक्क काहीही नको असतं, आणि हे कळत नाही म्हणून माणसं हुरहुरीपायी नोकऱ्या बदलतात. रुखरुखीची मात्रा हळहळीला दिली की वर्षभर 'तेव्हा असं केलं असतं तर' चालू राहतं.

वहीत लिहिण्याची पद्धत थोडी बदला. एका नोंदीला एकच ओळ. आधी वेळ, मग काय घडलं ते कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच, मग भावनेचं नाव, तीव्रता शून्य ते दहामध्ये, शरीरात कुठे जाणवलं, आणि शेवटी मागणी. उदाहरणार्थ: 'दुपारी ३:१०, साहेबांनी अहवाल न वाचता बाजूला ठेवला, हिरमोड, ६, घशात, मागणी: उद्या विचारणे.' एवढंच. दुसरी ओळ सुरू झाली की समजा, वरचा मजला चढवायला गवंडी आले. १४ दुय्यम भावना ओळखायची खूणही हीच: 'घडलं' या रकान्यात प्रसंगाऐवजी तुमचीच आधीची भावना येत असेल तर ती नोंद कंसात टाका आणि तिची मागणी लिहू नका. खोडू नका, खोडायला गेलात की पांढरं अस्वल येतं. दिवसाला दहा नोंदींची मर्यादा आणि दोन आठवड्यांनंतर वही बंद. नाव देण्याची सवय वहीशिवायही टिकते, पण वहीची सवय लागली तर माणूस जगायचं सोडून टिपणं काढत बसतो. तुमचा कल पाहता ही सूचना ठळक समजावी.

लाजेची एक गंमत लक्षात ठेवा. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये विद्यार्थ्यांना आठवणीवरून विचारलं की कुठली भावना किती टिकली. दुःख सरासरी १२० तास, तर लाज आणि किळस अर्ध्या तासाच्या आसपास. लांबणाऱ्या भावनांच्या मागे दोन कारणं दिसली: घटना खरोखर मोठी असणं आणि तिचा रवंथ चालू ठेवणं. तुमची मीटिंगमध्ये रडल्याची लाज तीन दिवस टिकली असं पत्रात आहे. घटना तेवढी मोठी नव्हती. म्हणजे उरलेले साडेएकाहत्तर तास चारा तुम्ही घातलात.

आता मीटिंगमधल्या डोळ्यांबद्दल सविस्तर, कारण हा प्रश्न विचारणारे पुष्कळ आहेत आणि लाजेने कुणी सही करत नाहीत. अश्रू, कंप, घाम, रोमांच, आवाज फुटणं यांना नाट्यशास्त्र सात्त्विक भाव म्हणतं आणि बाकीच्यांपासून वेगळे ठेवतं. हे नुसत्या हुकमाने येत नाहीत आणि हुकमाने जातही नाहीत. उत्तेजित झालेलं शरीर जास्त हवा घेण्यासाठी घशातली स्वरयंत्राची फट उघडी ठेवू पाहतं, गिळताना तीच फट मिटावी लागते. ही ओढाताण म्हणजे कंठ दाटणं. आणि अश्रूंचा निचरा नाकात उघडणाऱ्या नळीतून होतो, म्हणून डोळ्यांआधी नाक चुगली करतं. कौतुक असो की खरडपट्टी, यंत्रणा तीच. तिला कारणाशी देणंघेणं नाही.

कंठ दाटू लागला की पाणी छोट्या घोटांनी प्या, एका दमात नको. आवळलेला जबडा सैल सोडा, पावलं जमिनीला टेकवा. नजर समोरच्याच्या डोळ्यांवरून काढून टेबलाच्या कडेवर आणा, कारण समोरचा चेहरा सहानुभूतीने मऊ झालेला दिसला की बांध फुटतो. मग श्वास: नाकाने ४ अंक मोजत आत, ६ अंक मोजत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. यात दोन चुका नेहमी होतात. एक, लोक छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतात आणि गरगरतं. श्वास मोठा करायचा नाही, संथ करायचा, आणि बाहेर टाकणं लांब ठेवायचं. दोन, लोक पहिला प्रयोग थेट मीटिंगमध्ये करतात. बुडताना पोहणं शिकता येत नाही. रोज पाच मिनिटं, मन शांत असताना, दोन आठवडे सराव करा, मग तो वेळेला हाताशी येईल.

एवढं करूनही डोळे भरलेच, तर एक वाक्य आधीपासून पाठ असू द्या: 'या कामाची मला तळमळ आहे, म्हणून डोळे भरले. मुद्दा पुढे नेऊ या.' हा नुसता चतुरपणा नाही. २०१६ च्या एका संशोधनात कामाच्या ठिकाणी व्यथित झालेल्या माणसाने कारण म्हणून कामाची तळमळ सांगितली, तेव्हा लोकांनी त्याला भावनाप्रधान म्हणवून घेणाऱ्यापेक्षा जास्त सक्षम मानलं. 'माफ करा, मी जरा जास्तच हळवा आहे' हे वाक्य कायमचं रद्द करा.

मित्राचा पूर्णविराम. कॅमेऱ्याला काय दिसलं? दोन अक्षरं आणि एक टिंब. बाकी कादंबरी तुमची. बऱ्याच फोनवर स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम आपोआप पडतो, त्यामुळे त्या रात्री दोनपर्यंत तुम्ही एका कळफलकाच्या मनात काय असेल याचा विचार करत होता, अशी दाट शक्यता आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्याच्या पाचही नोंदींना एकच नियम लावा: माणूस जवळचा असेल तर एकदा सरळ विचारा, 'काही बिनसलंय का, की माझाच भास?' 'काही नाही' म्हणाला तर ते खरं धरा, खोटं असलं तरी. सांगायची जबाबदारी त्याची. माणूस लिफ्टमधला असेल तर त्याचा उसासा त्याच्याच मजल्यावर उतरू द्या.

रात्रीच्या रवंथासाठी थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेली एक युक्ती आहे. काळजीला दिवसातली ठरलेली अर्धा तासाची वेळ आणि ठरलेली जागा द्यायची. इतर वेळी काळजी आली की एका शब्दात टिपून 'साडेसहाला ये' म्हणायचं. साडेसहाला खरंच बसायचं, पलंगावर मात्र नाही. बहुतेक जण इथे दांडी मारतात, आणि एकदा शब्द मोडला की काळजी पुन्हा रात्री दोनला येते, या वेळी व्याजासकट.

आता बहीण. आनंद आणि हेवा एकत्र आले म्हणून आनंद खोटा ठरत नाही. एका डोळ्यात हसू आणि एका डोळ्यात आसू असं आपण बोलतो ते काही वैद्यकीय विकाराचं वर्णन म्हणून नव्हे. तुमची ४० मिनिटं गेली ती दोघांतला 'खरा' कोण हे ठरवण्यात. तो निवाडा करायचाच नाही. बहिणीला कळवायचा तो आनंद, तो लगेच कळवायचा. हेवा तिच्या पत्त्यावरचा नाही, तो तुमच्या नावावर आलेला आहे, म्हणून तो नंतर, निवांत उघडायचा आणि विचारायचं: नेमकं काय हवं होतं? तिचं पद? पगार? की आपल्या कष्टाची कुणीतरी जाहीर दखल घेणं? तुमच्या यादीतल्या हिरमोडाच्या नोंदी पाहता तिसरं वाटतं. ते असेल तर ती मागणी साहेबांकडे न्यायची आहे, बहिणीचा तिथे काही संबंध नाही. आणि तीव्रता सातच्या वर असताना राजीनामा, लांबलचक संदेश, संबंध तोडणं आणि मोठी खरेदी, चारही बंद. संदेश लिहायचाच असेल तर 'प्रति' चा रकाना रिकामा ठेवून लिहा आणि सकाळी वाचा.

बायकोसाठी दोन ओळी, त्यांना वाचायला द्या. बाई, 'नळ' चालेल. 'एवढं काय त्यात?' मात्र नको, त्याने तळमजल्यावर लाजेचा मजला चढतो आणि मग तुम्हालाच दोन मजल्यांची समजूत काढावी लागते. त्याऐवजी 'नुसतं ऐकू, की काही सुचवू?' एवढं विचारा. उत्तर बहुतेक 'नुसतं ऐक' असेल आणि तुमचं काम निम्मं होईल.

यापुढचं थट्टेचं नाही. उदासपणा किंवा कशातच गोडी न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकलं, झोप-भूक-काम बिघडलं, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. अनेक दिवस अत्यंत उत्साह, दोन-तीन तासांच्या झोपेवरही ताजंतवानं वाटणं, बोलणं-खर्च-धाडस बेसुमार वाढणं, हेही दाखवायला हवं, जरी तेव्हा छान वाटत असलं तरी. नव्याने आलेल्या चिडचिडीबरोबर हात थरथरणं, धडधड आणि वजन घटणं असेल तर थायरॉइडची तपासणी होते. काही औषधांनी, विशेषतः स्टेरॉइडनी, मनःस्थिती पालटू शकते. मनात दुःख नसतानाच रडू किंवा हसू अनावर फुटत असेल, तर ते पक्षाघातासारख्या मेंदूच्या आजारांनंतर दिसणारं लक्षण असू शकतं, त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ. आणि जगू नये असं वाटू लागलं तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगायचं आणि दवाखान्यात जायचं, साडेसहाची वाट बघायची नाही. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. जाहिरातीतल्या म्हाताऱ्यापायी येणाऱ्या हुंदक्यावर औषध नाही आणि नसलेलंच बरं.

शेवटी, हिशेब चोख असावा म्हणून एक दुरुस्ती. पत्र लांबल्याबद्दल तुम्ही शेवटच्या पानावर तीनदा माफी मागितली आहे आणि तिसऱ्या माफीत आधीच्या दोन माफ्यांबद्दल ओशाळलेले आहात. ती नोंद यादीतून राहून गेली. ती धरून ४४. भरतमुनी अजून पाचाने पुढे आहेत.